छोट्या-मोठ्या हार्ड डिस्कची मोट

परवा सीताबर्डीवर एका दुकानात विचारलं, घरी चार हार्ड डिस्क पडून आहेत, एक ४ टीबीची, एक २ ची, एक १ ची आणि जुन्या लॅपटॉपमधली ५०० जीबी, यांची एकत्र मोट बांधता येईल का? पोरगा म्हणाला, "नाही जमत भाऊ, सगळ्या सेम साइजच्या अन् सेम कंपनीच्या लागतात, नवीनच घेऊन टाका ना." हा गैरसमज इतका पसरलाय की लोक धडधाकट डिस्क भंगारात देऊन राहिले, म्हणून हे लिहायला बसलो.

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडवरचा (RAID, म्हणजे अनेक डिस्कची मोट बांधायची पद्धत) पेपर लिहिला, कल्पना अशी की एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क जोडायच्या आणि एखादी मेली तरी डेटा वाचवायचा. पण त्यातला नेहमीचा प्रकार, रेड-५, सगळ्यात लहान डिस्कच्या मापाने चालतो, म्हणजे चारही डिस्क ५०० जीबीच्याच धरायच्या आणि त्यातली एकीएवढी जागा डेटा वाचवायच्या हिशोबात जाते. माझ्या साडेसात टीबीतून हाती येणार फक्त दीड!

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, पॅरिटी, म्हणजे मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायची युक्ती. शाळेतलं सम-विषम आठवा, बस. डिस्कवर शेवटी ० आणि १ च असतात. समजा एकाच जागेवर २ टीबीच्या डिस्कवर १ आहे, १ टीबीवर १ आहे, ५०० जीबीवरही १ आहे. तीन एक झाले, म्हणजे विषम. मग चौथी पॅरिटीची डिस्क स्वतःकडे १ लिहून ठेवते आणि बेरीज सम करते. आता १ टीबीची डिस्क मेली असं धरा. उरलेले एक मोजा, तीन भरतात, विषम, म्हणजे हरवलेला आकडा १ च असणार, दुसरं काही असूच शकत नाही. फोटो असो की पप्पांचा आवाज, कॉम्प्युटर हेच अब्जावधी वेळा करतो आणि आख्खी डिस्क परत उभी राहते.

मग लहान डिस्क संपली की पुढे काय? तिथे सरळ ० धरायचा, शून्याने सम-विषम बदलतच नाही ना. म्हणून अट एकच, पॅरिटीची डिस्क बाकी कुठल्याही डिस्कपेक्षा लहान नको. माझी ४ टीबीवाली पॅरिटीला गेली आणि साडेतीन टीबी वापरायला मिळाले. दोन डिस्क एकदम मेल्या तरी तगायचं तर दुसरी पॅरिटी लागते, तिथे नुसतं सम-विषम पुरत नाही, गॅलोआ फील्ड नावाच्या मोजक्याच आकड्यांच्या गणितातला गुणाकार वापरून दोन समीकरणं सोडवावी लागतात.

हे काम स्नॅपरेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं, आणि मर्जरएफएस सगळ्या डिस्क एकाच फोल्डरसारख्या दाखवतं. प्रत्येक फाइल आख्खी एकाच डिस्कवर राहते, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी उरलेल्यांवरच्या फाइली शाबूत. फक्त पॅरिटी आपण सिंक केल्यावरच, म्हणजे ती नव्याने मोजायची कमांड दिल्यावरच अपडेट होते, मी रात्री दोनला लावून ठेवलंय, म्हणजे दिवसा टाकलेला फोटो तोवर उघड्यावरच असतो. आणि हा बॅकअप नाही बरं! फाइल चुकून उडवली आणि वर सिंक झालं की गेली, म्हणून एक कॉपी भावाकडे त्रिमूर्ती नगरला ठेवलीय.

आणि मेलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की जिवंत होते हा तोडगा कृपा करून कोणी करू नका. बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर पाणी जमतं, आणि आत डेटा वाचणारं हेड फिरत्या प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. मे महिन्यात पेटी कूलरच्या झोतातही ठेवू नका, ती हवा ओली असते.

सगळं लावून झाल्यावर मी मुद्दाम मशीन बंद करून ५०० जीबीची डिस्क काढली, तिच्या जागी दुसरी रिकामी लावली आणि स्नॅपरेडला डिस्क परत उभी करायची फिक्स कमांड दिली. दीडेक तासाने पप्पांची २०११ ची रेकॉर्डिंग उघडली, भावाकडच्या कॉपीशी चेकसम (फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) ताडून पाहिला, एकही अक्षर वेगळं नव्हतं.