मक्याला नत्र नेमकं कधी मिळतं?

मका गुडघ्याएवढा झाला की कधी कधी खालची पानं पिवळी पडू लागतात. पिवळेपणा पानाच्या टोकाला सुरू होतो आणि मधल्या शिरेवरून पाचरीसारखा आत सरकतो. कडा मात्र बराच काळ हिरव्या राहतात. मका नत्रासाठी उपाशी असल्याची ही खूण. गंमत अशी, की त्याच जमिनीत नत्राचा साठा असतो. सेंद्रिय पदार्थ अवघा १ टक्का असला, तरी हेक्टरभर जमिनीच्या वरच्या थरात सुमारे १,००० किलो नत्र असतं. पण ते बंदिस्त. सूक्ष्मजीवांनी फोडून त्याचं अमोनियम आणि नायट्रेट केलं, तरच मुळांना ते उचलता येतं, आणि वर्षाकाठी जेमतेम १ ते ३ टक्केच असं मोकळं होतं.

मक्याची भूकही सारखी नसते. सहा-आठ पानांवर येईपर्यंत त्याला नत्र थोडंच लागतं. तिथून तुरा निघेपर्यंत मात्र तो ते झपाट्याने ओढतो. मोकळं झालेलं नत्र या दिवसांत मुळांपाशी हवं, आणि आच्छादन पीक, म्हणजे मक्याआधी जमीन झाकायला वाढवून मग रानातच कुजू दिलेलं पीक, कधी मारायचं हा प्रश्न इथेच येतो.

राय हे गव्हासारखं तृणधान्य घ्या. कोवळ्या रायचं खोड नखाने सहज तुटतं, बोटाला रस लागतो. फुलोऱ्यात तेच खोड काडीसारखं ताठ होतं. कोवळेपणी त्यात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे वीसेक भाग असतात, फुलोऱ्यात पस्तीस-चाळीस. सूक्ष्मजीवांना मानवणारं प्रमाण साधारण २४ ला १. समजा, हेक्टरी ४ टन वाळलेली राय जमिनीत गेली आणि तिचं प्रमाण ४० ला १ आहे. म्हणजे १,६०० किलो कर्ब आणि फक्त ४० किलो नत्र. एवढा कर्ब पचवायला जीवाणूंना ६५-७० किलो नत्र लागेल. उरलेलं ते मातीतून उचलतात, नेमकं कोवळ्या मक्याच्या तोंडचं. पुढे जीवाणू मरतात तसं ते परत मिळतं, पण तोवर मका खुजा राहिलेला असतो. म्हणून राय मक्याच्या पेरणीच्या १०-१४ दिवस आधी मारावी आणि मका पेरतानाच ओळीशेजारी थोडं नत्र द्यावं, हे मला पटतं.

व्हेच या शेंगवर्गीय वेलीचं गणित उलटं आहे. तिचं मूळ उपटून गाठ चिरली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर समजावं की हवेतलं नत्र बांधण्याचं काम चालू आहे. तिचं प्रमाण ११ ला १ च्या आसपास, त्यामुळे ती कुजताच नत्र सोडते. तिला मक्याच्या पेरणीच्या जवळपर्यंत वाढू दिलं तर वाढही जास्त मिळते, नत्रही. फक्त ओलीवर लक्ष हवं. उभं पीक मक्याच्या वाट्याचं पाणी पिऊन टाकतं.

नांगर या सगळ्याचा वेग बदलतो. ढेकळं फुटतात, हवा खेळते, मातीच्या कणांआड दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो आणि जीवाणू तुटून पडतात. नायट्रेटचा एकदम लोंढा येतो. व्हेच फार लवकर गाडली, तर मक्याची मुळं पसरण्याआधीच हा लोंढा येऊन जातो. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋणच. माती त्याला धरत नाही आणि जोराचा पाऊस त्याला मुळांच्या आवाक्याखाली नेतो.

न नांगरलेल्या रानात पालापाचोळा वरच राहतो. तो वाळतो, जीवाणूंशी त्याचा संपर्क कमी येतो, खालची माती गार राहते. नत्र सावकाश सुटतं. तिथे युरिया पाचोळ्यावर फेकणं ही मोठी चूक. पाचोळ्यातलं विकर त्याचा अमोनिया करतं आणि तो हवेत उडून जातो. युरिया मातीआडच हवा.

अंदाजावर विसंबायचं नसेल, तर मका १५ ते ३० सेंटिमीटर उंच असताना ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीचा नमुना तपासावा. नायट्रेटच्या रूपातलं नत्र दर दहा लाख भागांत २५ भागांहून जास्त निघालं, तर वरखत, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचं खत, घालून उत्पादन सहसा वाढत नाही.