प्रुनेला कोणती, पेनेलोपी कोणती?

थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या जुन्या वंशावळी वाचताना प्रुनेला आणि पेनेलोपी या दोन घोडींची हमखास गल्लत होते. होणारच! दोघी मायलेकी, दोघी तिसऱ्या ड्यूक ऑफ ग्राफ्टनच्या (१७६८ ते १७७० या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते तेच), दोघींची नावं ‘पी’वरून. त्यात काही वर्षं दोघींना शिंगरं झाली तीही एकाच घोड्यापासून, १७९३ ची डर्बी (इंग्लंडमधली नामांकित शर्यत) जिंकलेल्या वॅक्सीपासून.

प्रुनेला आई. जन्म १७८८, बाप हायफ्लायर. शर्यतीत ती साधारणच होती. पेनेलोपीचा जन्म १७९८ चा, बाप ट्रम्पेटर, आणि ही लेक मैदानावरही अव्वल. १८०१ साली डर्बी आणि ओक्स (ही फक्त घोडींची) या दोन्ही शर्यती मारणाऱ्या एलेनरलाही तिने हरवलं होतं.

खरा घोटाळा डर्बीच्या निकालांत होतो. १८०९ ची डर्बी पोपने जिंकली, १८१० ची व्हेलबोनने. मालक तोच, बाप वॅक्सी, वयात एका वर्षाचं अंतर. साहजिकच दोघे सख्खे भाऊ वाटतात. पण पोप प्रुनेलाचा आणि व्हेलबोन पेनेलोपीचा, म्हणजे आईकडून पाहिलं तर मामा-भाचे! बाप एक असला तरी घोड्यांच्या वंशावळीत तेवढ्यावर भाऊ म्हणत नाहीत. नातं आईवरून धरतात.

अक्षरावरून ओळखता येतं, पण जपून. पेनेलोपीची शिंगरं ‘डब्ल्यू’ची: व्हेलबोन, वेब, वोफुल, वायर, १८१५ ची डर्बी जिंकणारा व्हिस्कर, आणि व्हिजगिगसुद्धा, जरी तिचा बाप वॅक्सी नव्हे तर रुबेन्स. प्रुनेलाची ‘पी’ची: पॅरासोल, पेलिस (१८०४ ची ओक्स), पॉन, पोप जोन. मात्र पॅरासोलच्या मुलांनाही ‘पी’चीच नावं मिळाली. त्यामुळे पार्टिझन, पिंडारी, पॅस्टिल ही प्रुनेलाची मुलं समजली जातात. ती नातवंडं आहेत. (पिंडारी जन्मला १८१७ साली. त्याच वर्षी इंग्रजांनी इकडे पेंढाऱ्यांवर मोहीम काढली होती.)

वंशावळीत प्रत्येक घोड्याच्या वंशाला दिलेला घराण्याचा क्रमांक इथे कामाचा नाही. तो मातृवंशावरून ठरतो, त्यामुळे दोघी घराणं क्रमांक १ मध्येच येतात. पाहायचं ते हे, की रक्त पुढे कोणाकडून गेलं. पेनेलोपीचं मुख्यतः मुलाकडून: व्हेलबोन, सर हर्क्युलीस, बर्डकॅचर, स्टॉकवेल आणि पार नॉर्दर्न डान्सरपर्यंत. आज महालक्ष्मीला किंवा पुण्याला धावणाऱ्या कितीतरी घोड्यांच्या बापाकडची रेषा इथेच पोचते. प्रुनेलाचं रक्त मात्र लेकींनी नेलं, आणि माझ्या मते थोरवी तिचीच जास्त. पेनेलोपीला एक व्हेलबोन झाला. प्रुनेलाला पेनेलोपी झाली, शिवाय पॅरासोल आणि पेलिसही.