मांजरा-गोदावरीच्या ओढ्यांत सापडणारी हाडं : ओळख पटवण्यामागचा इतिहास

पावसाळा सरून ओढ्यांचं पाणी उतरलं की मराठवाड्यात दरडी उघड्या पडतात. लातूर-बीडकडे मांजरेला मिळणाऱ्या ओढ्यांत किंवा पैठणच्या अंगाला गोदाकाठी, वाळू उपसताना नाहीतर गुरं राखताना कुणाच्या तरी हाताला हाडासारखा दिसणारा दगड लागतो. त्याचा फोटो गावभर फिरतो आणि पहिला तर्क डायनासोरचा होतो. इथल्या ओढ्यांत तो जवळजवळ नेहमी चुकतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. दोन थरांच्या मधल्या काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळात मात्र गोगलगायी आणि वनस्पती दगड होऊन राहिल्या. जॉन माल्कमसन या मद्रासच्या लष्करी डॉक्टरानं हैदराबाद ते नागपूर पट्ट्यात, नांदेडपलीकडच्या निर्मळच्या डोंगरांतूनही, असे शंख गोळा केले आणि १८३० च्या दशकात लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे मांडले. डायनासोरची हाडं मिळतात ती विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला, लाव्ह्याखालच्या थरांत. आपल्याकडे ते थर लाव्ह्याखाली गाडलेले आहेत. ओढा तिथवर पोचत नाही.

ओढा कापतो तो नदीचा जुना गाळ. काळ्या मातीखाली पिवळसर-तपकिरी माती, तिच्याखाली चुन्यानं घट्ट धरलेली वाळू-खडी, आणि बहुतेक हाडं त्या खडीत. त्यांचं वय हजारो किंवा काही लाख वर्षांत मोजायचं, कोटींत नाही.

या गाळाकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं ते नर्मदेमुळे. ह्यू फाल्कनर या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञानं १८४० च्या दशकात तिथल्या नामशेष हत्तीला नर्मदेवरूनच 'नामाडिकस' हे नाव दिलं. गोदावरीची पाळी १८६० च्या दशकात आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांना पैठणजवळच्या मुंगी इथं, नामशेष प्राण्यांची हाडं असलेल्या खडीच्या थरात, अकीकाचा (रंगीत पट्ट्यांच्या गारेचा) माणसानं काढलेला छिलका, म्हणजे धारदार कपची, मिळाला. सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये त्यावर टिपण लिहिलं. सर्वेक्षणातलेच भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. या भूमीवर माणूस आणि ते लुप्त प्राणी एकाच काळात वावरले का, हा प्रश्न त्या छिलक्यामुळे गोदाकाठी उभा राहिला. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, विननं वस्तूबरोबर थरही नोंदला. तेवढी नोंद नसती तर ती नुसती एक गारगोटीची चकती होती.

पुढे १९०५ मध्ये भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी नाशिककडच्या नांदूर मध्यमेश्वरच्या गाळातल्या हत्तीचं वर्णन छापलं. १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी प्रवराकाठी नेवाशाला जीवाश्म आणि दगडी हत्यारं यांचा एकत्र विचार केला. मांजरेकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अभ्यासक त्यानंतर वळले. जी. एल. बदाम, विजय साठे यांच्यासारख्यांच्या कामातून गोदावरी-मांजरा खोऱ्यांतले हत्ती, रानटी बैल आणि पाणघोडे पुढे आले. पाणघोड्याला बारमाही पाण्याचे डोह लागतात. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्याच्या नदीत हा प्राणी राहत होता, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं.

ओळख पटवताना सगळ्यात कामाला येते दाढ. हाडाचा तुकडा बऱ्याचदा मुका राहतो, दाढेवरून मात्र प्राणी सांगता येतो. हत्तीच्या दाढेवर आडव्या पट्ट्या एकामागून एक रचलेल्या असतात आणि फुटली की पट्टीच सुटी हाती येते. पाणघोड्याच्या झिजलेल्या दाढेवर बेलाच्या पानासारखी त्रिदली नक्षी उमटते. बैलाची दाढ उंच, वर चंद्रकोरीसारख्या रेषा. घोड्याच्या दाढेवरच्या रेषा जास्त नागमोडी आणि दाट घड्यांच्या असतात.

फसवणारेही पुष्कळ आहेत. झाडांच्या मुळांभोवती चुनखडी साचून झालेल्या नळ्या हुबेहूब बोटांच्या हाडांसारख्या दिसतात, पण मोडल्यावर आत हाडाची जाळी नसते. अकीकातली हिरवी-काळी 'झाडं' वनस्पती नसून खनिजांची नक्षी आहे. पुरात वाहून आलेलं अलीकडच्या गुराचं हाड तर कुठेही मिळतं. त्याला तापलेली सुई टेकवली की केस जळाल्याचा वास येतो. पूर्ण खनिज झालेल्या हाडाला तो येत नाही. पण कमी जुन्या हाडात थोडा सेंद्रिय अंश उरलेला असू शकतो, म्हणून एवढ्याच कसोटीवर निकाल देऊ नये.

आज अडचण वेगळी आहे. यंत्रानं वाळू उपसली जाते तेव्हा हाड, खडी आणि थर एकाच ट्रॉलीत जातात. खाण मंत्रालयानं डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा (जीवाश्म, खडकांच्या महत्त्वाच्या जागा) जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, पण ओढ्यावरची पहिली नोंद सापडवणाऱ्यालाच करावी लागते. म्हणून काही दिसलं तर उपटू नये. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून जागेवरच फोटो घ्यावा, दरडीचा लांबून एक घ्यावा, पात्रापासून किती उंचीवर आणि कोणत्या मातीत ते आहे ते लिहावं. मग ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलाला कळवावं.