गारफील्ड पार्क कन्झर्वेटरी

अमेरिकेतील शिकागो शहराच्या पश्चिम भागातले सार्वजनिक काचगृह-उद्यान. बांधकाम १९०६-०७ मध्ये झाले व १९०८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. शहराच्या या भागातील हम्बोल्ट, डग्लस आणि गारफील्ड या तीन उद्यानांमधली जुनी, मोडकळीस आलेली हरितगृहे पाडून त्यांच्याऐवजी हे एकच मोठे उभारले गेले.

आराखडा डेन्मार्कमध्ये जन्मलेले उद्यानरचनाकार येन्स येन्सन (१८६०–१९५१) यांचा. तोवरची काचगृहे राजवाड्यांच्या थाटाची असत आणि आत कुंड्यांच्या रांगा मांडलेल्या. येन्सन यांनी छपराला मध्यपश्चिम अमेरिकेच्या शेतांतील गवताच्या गंजीचा घाट दिला आणि झाडे थेट जमिनीत लावली. वाफेच्या नळ्या दगडी भिंतींआड व बाकांखाली दडवल्या. आत शिरणाऱ्याला इमारत नव्हे, भूप्रदेश दिसावा, हा आग्रह. आज ही गोष्ट साधी वाटते, तेव्हा ती नव्हती.

या आग्रहाची सर्वांत देखणी खूण म्हणजे नेच्यांचे (फर्नचे) दालन. मधोमध खोलगट तळे, भोवती थरांचे दगड, त्यांत नेचे, सायकॅड (ताडासारखी दिसणारी प्राचीन कुळातली झाडे) व शेवाळ. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचा आदिम काळ जणू. इथला लहान धबधबा येन्सन यांनी गवंड्याकडून पुन्हापुन्हा बांधून घेतला, असे सांगतात. गवंडी डोंगरातल्यासारखा धो-धो प्रपात करी. येन्सन यांना हवी होती सपाट माळरानावरची झुळझुळ. अखेर जर्मन संगीतकार मेंडेल्सोन यांचे संगीत ऐकवल्यावर त्याला मर्म कळले म्हणे. ही आख्यायिका असेलही, पण दालनात उभे राहिले की पटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिसराची पडझड झाली, तशी उद्यानाचीही आबाळ झाली. जानेवारी १९९४ च्या कडाक्याच्या थंडीत एका दालनाची उष्णता-यंत्रणा बंद पडून उष्ण कटिबंधातील अनेक झाडे गेली. त्या धक्क्यानंतर दुरुस्तीला वेग आला. २००१ मध्ये जवळच नवे रेल्वे स्थानक सुरू झाले आणि त्याच वर्षी काचशिल्पकार डेल चिहुली यांचे प्रदर्शन भरले. काचेच्या घरात काचेची फुले पाहायला लोटलेल्या गर्दीने विस्मरणात गेलेल्या या जागेला पुन्हा नाव मिळवून दिले.

३० जून २०११ रोजीच्या गारपिटीत नेच्यांच्या दालनासह अनेक छपरे फुटली. सावलीची सवय असलेल्या झाडांवर एकदम कडक ऊन आले, शिवाय पानांत व मातीत काचांचा सडा पडला. साफसफाई व पुनर्बांधणी काही वर्षे चालली. नव्या छपरांसाठी थरांची काच वापरली आहे. ती तडकली तरी तुकडे खाली कोसळत नाहीत. उद्यानाची मालकी व देखभाल शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट या शहरातील उद्याने सांभाळणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे आहे.