उंचीसाठी हाड कापताना: एका शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

पाय लांब करून उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सध्या दोनच सूर ऐकू येतात. एकीकडे ‘तीन इंच वाढलो’ म्हणत आधीचे आणि नंतरचे फोटो टाकणारे व्हिडिओ, दुसरीकडे ‘निसर्गाशी खेळ’ म्हणून कान उपटणारे लेख. ही शस्त्रक्रिया उंचीसाठी जन्मालाच आलेली नाही, ही गोष्ट दोन्हीकडे राहून जाते. आखूड राहिलेला पाय दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आणायचा, एवढंच तिचं मूळ काम. दोन्ही धडधाकट, सारख्या लांबीचे पाय मुद्दाम कापण्यापर्यंत ती कशी पोचली, हे बघायचं तर सुरुवात सौंदर्याच्या दवाखान्यांतून करून चालत नाही.

इटलीचा टप्पा थोडक्यात. बोलोन्यातल्या एका सर्जनने १९०५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. हाड कापायचं, टाचेच्या हाडातून खिळा आरपार घालायचा, भूल दिलेल्या रुग्णाचा पाय जोर लावून ओढायचा आणि प्लास्टर घालून टाकायचं. ३ ते ८ सेंटिमीटर लांबी मिळाली, पण ओढ सोसली नाही म्हणून झटके आल्याच्याही नोंदी झाल्या. पुढच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत उपकरणं सुधारली, ओढही हळू झाली. तरी जंतुसंसर्ग आणि न जुळणारी हाडं यांना कंटाळून बहुतेकांनी हा नाद सोडला.

खरा धागा सापडतो पश्चिम सैबेरियातल्या कुर्गानमध्ये. महायुद्ध नुकतंच संपलेलं, हाडं न जुळलेले, पाय वाकडे राहिलेले जखमी सैनिक गावोगाव पडलेले. १९४४ साली पदवी घेऊन त्या प्रांतातल्या खेड्यात आलेल्या एका डॉक्टरने १९५१च्या सुमारास एक सांगाडा बनवला: पायाभोवती धातूच्या रिंगा, रिंगांना ताणून बसवलेल्या आणि हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा, दोन रिंगांना जोडणारे आट्यांचे दांडे. सुरुवातीला हेतू उलटा होता. मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर दाबून धरायची, म्हणजे ती जुळतील. एका रुग्णाने नट चुकीच्या दिशेने फिरवले, टोकं दूर गेली आणि मधल्या फटीत नवं हाड भरलेलं दिसलं, अशी गोष्ट सांगतात. ती जशीच्या तशी घडली असेल-नसेल, पण नंतरच्या वर्षांत प्राण्यांवरचे प्रयोग करून त्या डॉक्टरने हे नीट सिद्ध केलं, हे नक्की. हाडाचं कडक कवच कापा, आतला मगज आणि बाहेरचं आवरण शक्य तितकं शाबूत ठेवा, आठवडाभर थांबा आणि मग रोज १ मिलिमीटर, तोही एका दमात नाही तर पाव पाव मिलिमीटर चार वेळा. वेग वाढवला की हाड भरत नाही आणि शिरा-स्नायू बंड करतात. कमी केला की फट वेळेआधीच बुजते. हाडाच्या आत बसणारे, रिमोटवर चालणारे खिळे आले तरी हा वेग फारसा बदललेला नाही.

मॉस्कोतल्या ज्येष्ठांना सैबेरियातल्या या माणसाचं कौतुक नव्हतं. १९६४च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण जिंकलेल्या खेळाडूचा पाय मोटारसायकलच्या अपघातात मोडला, कितीतरी शस्त्रक्रिया फसल्या आणि १९६८ मध्ये तो कुर्गानला जाऊन बरा झाला, तेव्हा देशात नाव झालं. देशाबाहेर आणखी उशीर लागला. १९८० साली एक इटालियन गिर्यारोहक तिथे उपचार घेऊन परतला, त्याच्या डॉक्टरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना आणि १९८१ मध्ये त्या सोव्हिएत सर्जनला इटलीतल्या परिषदेत बोलवावं लागलं. तीस वर्षं जुनी पद्धत पश्चिमेत ‘नवी’ म्हणून अवतरली.

भारतात ती रुजली ती पोलिओमुळे. १९८०चं दशक सरताना आणि पुढची पंधराएक वर्षं आपल्याकडच्या हाडांच्या वॉर्डात या रिंगा सर्रास दिसू लागल्या. शोधणाऱ्याचं आडनाव वस्तूलाच चिकटलं आणि ‘पेशंटला इलिझारोव्ह लावलाय’ असं वाक्य रोजचं झालं. देशी कारखान्यांनी त्या स्वस्तात बनवल्या, म्हणून सरकारी रुग्णालयांनाही परवडल्या. पोलिओचा एक पाय आखूड, लुळा. चालताना दर पावलाला हात मांडीवर दाबायचा, नाहीतर गुडघा दुमडतो. अशा माणसाचा पाय सरळ आणि ५ सेंटिमीटर लांब झाला तर त्याचा हात मोकळा होतो, डोक्यावर ओझं घेता येतं, सायकल जमते.

त्यासाठी काय सोसावं लागायचं, तेही त्या वॉर्डांनी पाहिलं. ५ सेंटिमीटर म्हणजे पन्नास दिवस ताणणं, आणि नवं हाड घट्ट होईपर्यंत त्याच्या दुप्पट तरी काळ रिंग पायावर. पँट चढत नाही, म्हणून लुंगी किंवा शिवण उसवलेला पायजमा. नट फिरवायचं काम घरच्यांकडे, हातात पाना घेऊन. तारा कातडीतून जातात तिथे पू धरतो, तो रोज पुसायचा. रात्री झोप नाही, कारण स्नायू हाडाच्या वेगाने वाढत नाहीत. पोटरी आखडली की टाच वर उचलली जाते आणि माणूस चवड्यावर चालू लागतो. मांडीचं हाड लांबवलं तर गुडघा वाकेनासा होतो. पदरात काय पडतं, याचा हिशोब मात्र पक्का होता, म्हणून हे सगळं न्याय्य वाटायचं. उंचीसाठीच्या शस्त्रक्रियेने रिंग उचलली, वेग उचलला, फिजिओथेरपी उचलली. हिशोब तेवढा मागे राहिला, असं माझं मत.

कुर्गानमध्येच १९८०च्या दशकात निरोगी पण बुटक्या माणसांवर ही शस्त्रक्रिया होऊ लागली होती. तिचा बाजार झाला तो चीनमध्ये. १९९०च्या दशकानंतर तिथल्या नोकरीच्या जाहिरातींत उंचीच्या अटी उघड छापलेल्या असत आणि शहरांतला नवा मध्यमवर्ग मुलांच्या उंचीवर पैसे घालायला तयार होता. न जुळलेली हाडं, वाकडे पाय, लुळी पडलेली पावलं यांच्या बातम्या साचल्या आणि २००६च्या नोव्हेंबरमध्ये आरोग्य खात्याने केवळ उंचीसाठी पाय लांबवण्यावर बंदी घातली. वैद्यकीय कारण असेल तरच परवानगी. नोकरीतल्या अटींना त्या हुकमाने हात लावला नाही. आपण हसायचं कारण नाही. महाराष्ट्रात पोलिस शिपायाच्या भरतीला पुरुषांसाठी १६५ सेंटिमीटरची अट आहे आणि थोडक्यात हुकलेल्या मुलांचे प्रश्न भरतीच्या प्रत्येक हंगामात येतात. त्यांना एवढंच सांगावं लागतं की त्याच भरतीत १६०० मीटर धावायचंही असतं.

दरम्यान उपकरण पायाच्या आत शिरलं. बाहेर सांगाडा आणि आत खिळा अशी जोडपद्धत १९९०च्या दशकात आली. तिच्यात ताणून झालं की सांगाडा काढता येतो आणि आतला खिळा हाड सांभाळतो. भारतात उंचीसाठी येणाऱ्या अनेकांच्या खिशाला अजून हीच झेपते. त्याच सुमारास जर्मनीत मोटर असलेला खिळा बनला. पाय वळवला की आतून ‘टक्’ करून सरकणारे खिळेही आले. त्यांतल्या काहींचा वेग हाताबाहेर जायचा, चालता चालता नको तेवढी लांबी वाढायची. २०११ मध्ये चुंबकावर चालणाऱ्या खिळ्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मांडीवर बाहेरून यंत्र धरायचं, आतला चुंबक फिरतो, खिळा उलगडतो. कातडीवर तारा नाहीत, पू नाही, दिसायला काहीच नाही. पँट चढते. उंचीसाठी येणाऱ्यांची संख्या वाढायला जाहिरातींपेक्षा हे अधिक कारण झालं असावं. साधन जितकं सोसवेल असं होत गेलं, तितकी ‘गरज’ कशाला म्हणायचं याची रेघ पुढे सरकली.

या सरकत्या रेघेवर आपल्याकडे पहिला मोठा खटका उडाला तो २०१६च्या एप्रिलमध्ये, हैदराबादला. विशीतला एक सॉफ्टवेअर अभियंता घरी न सांगता खासगी रुग्णालयात दाखल झाला. उंची ५ फूट ७ इंच, हवे होते आणखी तीन इंच. म्हणजे सरासरी भारतीय पुरुषापेक्षा तो आधीच उंच होता. मुलगा सापडेना म्हणून आईवडील पोलिसांत गेले आणि तो रुग्णालयात, दोन्ही पायांवर शस्त्रक्रिया झालेला सापडला. वाहिन्यांना पुढचे काही दिवस दुसरा विषय नव्हता. रुग्णालयाचं म्हणणं असं की मुलगा सज्ञान आहे, त्याने संमतीपत्रावर सही केली आहे. आईवडिलांचं म्हणणं, आम्हाला एक फोनही का नाही? प्रकरण राज्याच्या वैद्यक परिषदेकडे गेलं आणि सर्जनची नोंदणी काही काळासाठी निलंबित झाली.

या निर्णयावर हाडांच्या डॉक्टरांत उघड दोन तट पडले. जवळच्या माणसाची सही नसताना हात लावायला नको होता, असं अनेकांना वाटलं. पण कायदा तसं म्हणत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निराळ्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं की शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाऐवजी त्याच्या आईने दिलेली संमती चालत नाही. तातडीचं संकट नसेल तर थांबायचं आणि त्यालाच विचारायचं. आईची सही जिथे पुरत नाही, तिथे ती नसणं हा गुन्हा कसा? शिवाय नाक सरळ करून घेणाऱ्या, केस लावून घेणाऱ्या सज्ञान माणसाच्या घरी कोणी फोन करत नाही.

तरी घरच्यांची सही हवी म्हणणाऱ्या तटाचा मुद्दाही हलका नाही. नाकाची शस्त्रक्रिया करून माणूस आठवड्याने कामावर जातो. इथे दोन्ही पाय एकदम कापलेले, महिनोन्‌महिने कुणीतरी उठवायचं, बसवायचं, संडासला न्यायचं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आई. तिला निर्णयातून वगळता येतं, सेवेतून नाही. म्हणून घरच्यांना बोलवा हा सल्ला कायद्याचा नसला तरी अनुभवाचा आहे.

माझ्या मते दोन्ही तटांनी सहीवरच भांडून सोपा भाग घेतला. त्याच २००८च्या निकालात आणखी एक गोष्ट होती: उपचाराचं स्वरूप, धोके, दुसरे पर्याय आणि काहीच न करण्याचा परिणाम हे पुरेसं सांगितलेलं असेल तरच संमतीला अर्थ. काहीच न केल्याचा परिणाम काय? पोलिओच्या रुग्णाला याचं उत्तर लांबलचक मिळायचं. ५ फूट ७ इंचाच्या तरुणाला ते एका शब्दात मिळतं: काही नाही. धोके तेच, नसेला इजा, रक्ताच्या गुठळ्या, न जुळणारं हाड. पारड्यात दुसऱ्या बाजूला मनाची टोचणी आहे. ती खोटी नसते, पण ती किती खोल आहे आणि तीन इंचांनी ती जाईल का, हे मानसोपचारतज्ज्ञाने बघायचं काम. चांगली केंद्रं शस्त्रक्रियेआधी अशी तपासणी करतात. ती सक्तीची कुणी केली का, यावर त्या गदारोळात फारसं बोलणं झालं नाही. एका सर्जनवर कारवाई झाली आणि शस्त्रक्रिया चालूच राहिली. भारताने चीनसारखी बंदी घातली नाही.

त्यानंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. २०१८ मध्ये चुंबकी खिळ्याचा पोलादी अवतार आला. आधीचा टायटॅनियमचा, त्यावर पूर्ण भार टाकता येत नसे. दोन्ही मांड्या एकदम लांबवल्या की माणूस वॉकर-व्हीलचेअरवर. नव्या खिळ्यावर लवकर उभं राहता येई, साहजिकच उंचीवाल्यांच्या उड्या पडल्या. मग एक्स-रेमध्ये खिळ्याच्या सांध्यापाशी हाड विरघळल्याच्या खुणा दिसू लागल्या, काढलेल्या खिळ्यांवर गंज सापडला आणि २०२१च्या सुरुवातीला कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. तोवर ज्यांच्या पायात तो होता त्यांचे पाय आधीच लांब झालेले होते.

आज इस्तंबूलपासून दिल्लीपर्यंत या शस्त्रक्रियेची पॅकेजं मिळतात. अमेरिकेत खर्च लाख डॉलरच्या घरात जातो, म्हणून तिकडचे लोक तुर्कस्तानला आणि भारताला येतात. काही आठवडे राहून, ताणणं पूर्ण व्हायच्या आत घरी परततात आणि उरलेले फेरे स्वतः फिरवतात. टाच टेकत नाही म्हणून मग ते गावातल्या हाडांच्या डॉक्टरकडे जातात, ज्याने ते ऑपरेशन केलेलं नसतं आणि ज्याच्याकडे त्या खिळ्याची अवजारंही नसतात. आतला खिळा वर्ष-दोन वर्षांनी काढायचा असतो. ती आणखी एक शस्त्रक्रिया, पुन्हा भूल देऊन. पॅकेजमध्ये ती धरली आहे की नाही, हे पहिला हप्ता भरण्याआधी विचारावं लागतं.