नवा संगणक रखडतो तेव्हा प्रोसेसर काय करत असतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-अद्ययावते थांबवली. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर ‘विंडोज ११’ अधिकृतपणे बसत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो; त्यामुळे अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत नवे लॅपटॉप घ्यावे लागले. या खरेदीनंतर ऐकू येणारी तक्रार ठरलेली असते. यंत्र कोरे करकरीत, प्रोसेसर जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान, तरीही ब्राउझर उघडायला अर्धे मिनिट लागते आणि टंकलेली अक्षरे पडद्यावर मागाहून उमटतात. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: ‘व्हायरस शिरला असेल’, ‘फॉरमॅट मारून घ्या’, ‘आय-थ्री कशाला घेतलात, आय-फाइव्ह घ्यायचा’. यांतला शेवटचा सल्ला सर्वांत महाग आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी असतो, कारण तो प्रोसेसरची ताकद कमी पडते असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात रखडणाऱ्या नव्या संगणकातला प्रोसेसर बहुतेक वेळ काही करत नसतो. तो वाट पाहत असतो.

हे कोणालाही स्वतः तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातल्या प्रक्रियांच्या यादीच्या माथ्यावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे स्तंभ असतात. यंत्र अडखळत असतानाच तिकडे पाहावे. सीपीयूखाली ९ किंवा १२ टक्के, मेमरीखाली ९० टक्के आणि डिस्कखाली १०० टक्के असे चित्र दिसले, तर निदान जवळजवळ झालेच: गणना करणारा भाग मोकळा आहे आणि माहिती आणून देणारा भाग तुंबला आहे.

मात्र नवे यंत्र पहिल्या एक-दोन दिवसांत असे दिसले तर घाई करू नये. या काळात विंडोज मागे राहिलेली अद्ययावते आणि ड्रायव्हर उतरवून घेते, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस ‘डिफेंडर’ फाइली तपासतो, शोधासाठी अनुक्रमणिका तयार होते, वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवर फाइलींची ने-आण चालते आणि अलीकडच्या अनेक लॅपटॉपांवर डिस्कचे कूटबंधनही (एन्क्रिप्शन) होते. ही सगळी एकदाची कामे आहेत. लॅपटॉप चार्जरला आणि इंटरनेटला जोडून, झोपी जाऊ न देता, रात्रभर चालू ठेवला तर त्यांतली बहुतेक उरकतात. याच काळात आणखी एक गोष्ट पाहावी. उत्पादकाने चाचणी-मुदतीचे अँटिव्हायरस आधीच घालून दिलेले असते आणि ग्राहक त्यावर आपल्या माहितीतले दुसरे चढवतो. मग उघडणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासतात. यांतले एक तरी काढून टाकावे. घरगुती वापराला डिफेंडर पुरेसा आहे.

एवढे करूनही यंत्र रखडत असेल, तर प्रश्न बहुधा मुख्य स्मृतीचा, म्हणजे रॅमचा असतो. ‘विंडोज ११’साठी किमान ४ जीबी रॅम हवी असे मायक्रोसॉफ्ट सांगते. किमान म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बसेल आणि सुरू होईल इतके. तिच्यावर माणूस समाधानाने काम करू शकेल इतके नव्हे. हा फरक जुना आहे. ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’ची किमान अट ५१२ एमबी होती, आणि जेमतेम तेवढी रॅम असलेली नवी यंत्रेही वापरणाऱ्याला हैराण करत. ‘व्हिस्टा चालू शकते’ अशा अर्थाचा शिक्का लावलेल्या संगणकांवरून अमेरिकेत त्याच वर्षी खटला दाखल झाला.

रॅम कमी पडल्यावर संगणक थांबत का नाही, ‘जागा नाही’ असे का सांगत नाही, आणि त्याऐवजी मरगळल्यासारखा का चालतो, हे समजण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिममधली एक विलक्षण सुंदर यंत्रणा पाहावी लागते.

प्रत्येक प्रोग्रॅमला असे भासवले जाते की स्मृतीचा एक विस्तीर्ण, सलग पट्टा त्याच्या एकट्याच्या मालकीचा आहे. नेहमीच्या ६४-बिट प्रोसेसरमध्ये आभासी पत्ता ४८ बिटांचा असतो, म्हणजे तत्त्वतः २५६ टीबी इतका प्रदेश. खरी रॅम त्याच्या तुलनेत नगण्य. हा आभास टिकवण्यासाठी स्मृतीचे ४,०९६ बाइटांचे समान तुकडे केले जातात. त्यांना पाने म्हणतात. ४ जीबी रॅममध्ये अशी १०,४८,५७६ पाने मावतात. प्रोग्रॅमच्या आभासी प्रदेशातले कोणते पान रॅमच्या कोणत्या चौकटीत, म्हणजे पानाएवढ्या जागेत, आहे, याची नोंद पेज टेबल नावाच्या सारणीत असते आणि ती ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते.

प्रोसेसर पत्ता कसा उलगडतो ते पाहण्यासारखे आहे. ४८ बिटांपैकी शेवटचे १२ बिट पानाच्या आतले स्थान सांगतात, कारण २ चा १२ वा घात म्हणजे ४,०९६. उरलेल्या ३६ बिटांचे नऊ-नऊचे चार गट होतात. पहिला गट पहिल्या पातळीच्या सारणीतल्या ५१२ नोंदींपैकी एक निवडतो. त्या नोंदीत दुसऱ्या पातळीची सारणी कोठे आहे ते असते. दुसरा गट तिच्यातली नोंद निवडतो, आणि असे चार पायऱ्या उतरल्यावर खऱ्या चौकटीचा पत्ता मिळतो. दर वेळी इतका खटाटोप परवडणारा नसल्याने नुकतीच सापडलेली उत्तरे प्रोसेसर टीएलबी नावाच्या एका लहान, अतिवेगवान तक्त्यात जपून ठेवतो. चौथ्या पातळीवरच्या नोंदीत पत्त्याखेरीज काही खुणेचे बिटही असतात: हे पान रॅममध्ये हजर आहे का, त्याला एवढ्यात कोणी हात लावला का, त्यात काही बदल झाला का.

हजेरीचा बिट शून्य असेल तेव्हा खरी गंमत घडते. प्रोसेसर चालू आज्ञा अर्ध्यावर सोडतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. हे पान डिस्कवर कोठे आहे ते ती शोधते आणि रॅममध्ये मोकळी चौकट पाहते. मोकळी चौकट नसेल तर बऱ्याच वेळात न वापरलेले एखादे पान बाहेर काढते. त्या पानात बदल झालेला असेल तर ते आधी डिस्कवर लिहून ठेवावे लागते. विंडोजमध्ये यासाठी सी ड्राइव्हवर ‘पेजफाइल’ नावाची दडवलेली फाइल असते. मग हवे असलेले पान डिस्कवरून रॅममध्ये येते, सारणीतली नोंद बदलते आणि सोडून दिलेली आज्ञा पुन्हा पहिल्यापासून चालवली जाते. प्रोग्रॅमला यातले काहीही कळत नाही. त्याच्या दृष्टीने पान सदैव तिथेच होते.

ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठातल्या टॉम किलबर्न यांच्या चमूची. १९६२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘ॲटलस’ संगणकात चुंबकीय कड्यांची मुख्य स्मृती अवघ्या १६,३८४ शब्दांची होती आणि तिला ९८,३०४ शब्दांच्या फिरत्या चुंबकीय ड्रमची जोड होती. पान ५१२ शब्दांचे, म्हणजे एका वेळी मुख्य स्मृतीत फक्त ३२ पाने. त्या ३२ चौकटींच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कितीतरी मोठी एकसंध स्मृती वापरायला मिळत होती. आज आपल्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये तत्त्वतः हेच चालते.

अडचण वेळेची आहे. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीवरून, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिप-साठवणीवरून, एक पान आणायला साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. हार्ड डिस्कमध्ये तर वाचणारे टोक सरकवावे लागते आणि तबकडी फिरून योग्य जागा खाली येण्याची वाट पाहावी लागते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे निम्मा फेरा आणि टोकाचा प्रवास धरून एका पानाला सहज १० ते १५ मिलिसेकंद जातात. सोयीसाठी १० धरू. तेही रॅमच्या लाखपट होतात. रॅमच्या एका वाचनाला एक सेकंद लागतो अशी कल्पना केली, तर एसएसडीवरचे पान १७ मिनिटांनी येईल आणि हार्ड डिस्कवरचे जवळजवळ २८ तासांनी.

आता एक छोटा हिशेब. समजा, स्मृतीच्या दर एक लाख वाचनांमागे केवळ एका वेळी पान रॅममध्ये सापडले नाही. हार्ड डिस्क असेल तर त्या एका चुकीचे १० मिलिसेकंद एक लाख वाचनांवर वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १०० नॅनोसेकंद येतात. म्हणजे सरासरी १०० वरून २०० नॅनोसेकंदांवर गेली आणि यंत्राचा वेग निम्मा झाला. ९९.९९९ टक्के वेळा सगळे जागच्या जागी असूनही! दर दहा हजारांमागे एक चूक झाली तर सरासरी १,१०० नॅनोसेकंद, म्हणजे यंत्र अकरापट संथ. एसएसडीवर वेग निम्मा होण्यासाठी हजारांमागे एक चूक व्हावी लागते. त्याच रॅमचा, त्याच प्रोसेसरचा संगणक एसएसडी बसवल्यावर नवा झाल्यासारखा का वाटतो, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे. स्वस्त लॅपटॉपांतली ईएमएमसी साठवण फिरत्या तबकडीहून बरी असली, तरी चांगल्या एसएसडीपुढे बरीच मागे पडते.

शिवाय ही घसरण हळूहळू होत नाही. १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी मांडले की प्रत्येक प्रोग्रॅम एखाद्या कालावधीत आपल्या सर्व पानांना नव्हे, तर त्यांच्या एका छोट्या समूहाला पुन्हा पुन्हा हात लावतो. या समूहाला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटले. चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमांचे असे समूह रॅममध्ये मावतात तोवर सारे सुरळीत असते. बेरीज रॅमच्या थोडीशी वर गेली की एकासाठी पान आणताना दुसऱ्याचे हवे असलेले पान बाहेर जाते, दुसरा ते परत मागवताना तिसऱ्याचे घालवतो, आणि यंत्राचा सगळा वेळ या अदलाबदलीत जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. म्हणूनच दहा टॅबपर्यंत नीट चालणारा लॅपटॉप अकराव्या टॅबला एकदम गळाठतो.

याची खूण प्रत्यक्ष पाहता येते. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिसोर्स मॉनिटर’ लिहून उघडावा आणि ‘मेमरी’ या भागात जावे. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमपुढे ‘हार्ड फॉल्ट्स’ हा स्तंभ असतो. दर सेकंदाला किती वेळा डिस्ककडे धाव घ्यावी लागली त्याचा तो आकडा आहे आणि त्याचा यंत्राच्या बिघाडाशी संबंध नाही. नवा प्रोग्रॅम उघडताना तो क्षणभर उसळणे स्वाभाविक आहे. पण आधीच उघड्या असलेल्या दोन खिडक्यांमध्ये ये-जा करतानाही तो दर वेळी शेकड्यांत जात असेल, तर रॅम अपुरी आहे हे निःसंशय समजावे.

यंत्रणा कळली की काही समजुतींचा फोलपणा आपोआप दिसतो. संगणक अडकला की डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून पुन्हा पुन्हा ‘रिफ्रेश’ करण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने फक्त डेस्कटॉपवरची चिन्हे नव्याने काढली जातात, रॅमचा एक बाइटही मोकळा होत नाही. ‘रॅम बूस्टर’ म्हणून मिळणारे प्रोग्रॅम तर अपायकारक आहेत. ते इतरांची पाने सक्तीने बाहेर काढतात, वापराचा आकडा खाली आलेला दाखवतात आणि पुढच्याच क्षणी तीच पाने परत आणण्याचा भार यंत्रावर टाकतात. भरलेली रॅम हा मुळात दोष नाही. मोकळ्या रॅममध्ये विंडोज लागण्याजोगी पाने आधीच ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. विंडोज १० पासून तर ती कमी वापरातली पाने दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवते, म्हणजे डिस्कपर्यंत जाण्याची वेळ कमी येते. आणि मोबाइलच्या जाहिरातींतली ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ ही निव्वळ दिशाभूल आहे. त्यातली दुसरी ८ जीबी म्हणजे साठवणुकीतली पेजफाइलसारखी जागा. हजारपट संथ असलेल्या जागेची रॅममध्ये बेरीज करणे हे ग्राहकाच्या अज्ञानावर पैसे कमावणे आहे.

उपायांपैकी पहिला फुकटचा आहे. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप ॲप्स’ या भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात. संवादाची ॲप्स, खेळांची दुकाने, उत्पादकाची मदत-साधने यांतली नको असलेली तिथेच बंद करता येतात. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी साधारणपणे वेगळी प्रक्रिया चालवतो, म्हणून न लागणारे टॅब मिटवण्याचा परिणाम तत्काळ दिसतो. ‘फॉरमॅट’ने काही काळ बरे वाटते, कारण आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम नाहीसे होतात, ते परत बसवले की समूहांची बेरीज पुन्हा तीच होते.

त्यानंतरचा उपाय म्हणजे रॅम वाढवणे. तबकडीवर चालणाऱ्या यंत्रात तिच्या जागी एसएसडी बसवणेही तितकेच आवश्यक आहे. रोजच्या कामाला आज ८ जीबी ही खालची मर्यादा मानावी आणि जमल्यास १६ जीबी घ्यावी. मात्र अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच झाळलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी प्रोसेसरच्या आधी दुकानदाराला हे विचारावे: रॅमची पट्टी काढता येते का, आणि दुसरी जागा रिकामी आहे का. यंत्र आधीच घेतलेले असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘मेमरी’ निवडल्यावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ दिसते. तिथे ‘२ पैकी १’ असेल तर एक जागा बहुधा मोकळी आहे, आणि यंत्राच्या माहितीपत्रकातून त्याची खात्री करून घ्यावी. तिच्यात पहिल्याइतक्याच क्षमतेची आणि त्याच प्रकारची पट्टी बसवली, तर पाने ठेवायला जागा दुप्पट होते आणि शिवाय प्रोसेसरला दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण करता येते, ज्याचा फायदा रॅममधलाच वाटा घेणाऱ्या अंतर्गत ग्राफिक्सलाही होतो.