दिव्यांगांचं अनुदान: कायदा एकीकडे, आकडा दुसरीकडे

ऑक्टोबर 2025 पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिना 1500 वरून 2500 रुपये झालं. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, गडहिंग्लज कुठल्याही तहसील कार्यालयातल्या ‘संजय गांधी’ शाखेबाहेर तेव्हापासून ‘वाढीव पगार कधी?’ हा प्रश्न ऐकू येतो. या पैशाला इथे पगारच म्हणतात. तो किती, कुणाला, कोणत्या कागदावर, हे कोण ठरवतं, याचा माग काढायचा तर थेट संविधानापर्यंत जावं लागतं.

संविधानाच्या कलम 41 मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी सरकारी साहाय्य मिळण्याची तजवीज राज्याने करावी, असं म्हटलं आहे. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यावर कोर्टात दावा लावता येत नाही. सातव्या अनुसूचीत विकलांग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य हा विषय राज्यांच्या यादीत गेला. म्हणून या बाबतीत दिल्लीने कितीही कायदे केले तरी रक्कम शेवटी मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयावर ठरते. मर्यादेचं ते शेपूट पुढच्या प्रत्येक कायद्याला चिकटलेलं दिसतं.

महाराष्ट्राने मात्र केंद्राची वाट पाहिली नाही. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी आणि अपंग अशा सगळ्यांसाठी मिळून ही एकच योजना होती. यातच पुढच्या अडचणीचं मूळ आहे. अपंगत्वामुळे जगण्याचा खर्च वाढतो (कॅलिपर, औषधं, रिक्षा, सोबतीचं माणूस), ही गोष्ट निराधारांच्या योजनेत हिशेबातच येत नाही. तिथे गरिबी तेवढी मोजली जाते.

याच काळात कोल्हापुरात वेगळं काही घडत होतं. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. वसतिगृह, शिक्षण, रोजगार असा त्या कामाचा रोख होता. या शहरात अपंगांचा प्रश्न दयेच्या भाषेतून बाहेर पडला त्याला या कामाचा मोठा हातभार आहे, असं माझं मत. सरकारी कागद तिथवर यायला मात्र बराच वेळ गेला.

अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक केंद्रीय कायदा 1995 चा, तो अमलात आला 7 फेब्रुवारी 1996 रोजी. सात प्रकारची अपंगत्वं आणि किमान 40 टक्के ही चौकट त्याने घालून दिली. विशेष सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून दोन वर्षं उलटली तरी काम न मिळालेल्यांना बेकारी भत्ता देण्याची योजना करावी, असंही त्यात होतं. पण मासिक पेन्शनचं नाव नव्हतं. केंद्राची अपंग निवृत्तीवेतन योजना आली 2009 मध्ये, तीही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी. सुरुवातीला 200 रुपये, 2012 पासून 300. केंद्राचा तो वाटा अजून 300 च आहे. वरची भर राज्य घालतं.

भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला आणि जुना कायदा अपुरा ठरला. नव्याचा मसुदा करायला सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, विधेयक 2014 मध्ये राज्यसभेत आलं, डिसेंबर 2016 मध्ये मंजूर झालं आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झालं. सातांची एकवीस अपंगत्वं झाली. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं ते कलम 24. त्यात दिव्यांग पेन्शन आहे, बेकारी भत्ता आहे, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्तादेखील आहे. शिवाय एक ठोस अट: इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांची रक्कम किमान 25 टक्क्यांनी जास्त हवी. पण पेन्शनसाठी उत्पन्नाची मर्यादा किती, ते सरकारने अधिसूचनेने ठरवायचं. आणि सुरुवातीला पुन्हा तेच, आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत!

आता हिशेब करून पाहा. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने संजय गांधी योजनेत सगळ्यांना सरसकट 1500 रुपये झाले. पंचवीस टक्क्यांची अट धरली तर दिव्यांगांना तेव्हाच 1875 मिळायला हवे होते. फरक पडला तो 2025 मध्ये, म्हणजे कायदा लागू होऊन आठ वर्षांनी. 2500 चा आकडा अटीपेक्षा बराच पुढे गेला, हेही मान्य केलं पाहिजे. मधल्या महिन्यांच्या फरकाचं काय, यावर कुणी बोलत नाही.

नियम ढिले ठेवले तर कायद्याचं काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर 2024 मध्ये दाखवून दिलं. तो खटला सुगम्यतेचा, म्हणजे इमारती, वाहतूक वगैरे दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येण्याचा होता, पेन्शनचा नव्हे. पण कायदा बंधनकारक आणि त्याखालचा नियम निव्वळ शिफारशीवजा, हे चालणार नाही, असं म्हणत न्यायालयाने 2017 च्या नियमांतला नियम 15 रद्दबातल ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. पेन्शनच्या बाबतीत तसा बोट ठेवण्याजोगा नियमच नाही, शासन निर्णयांची चळत आहे.

कागदाचा प्रवासही नियमांनीच ठरतो. 2024 च्या दुरुस्तीनंतर अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) पोर्टलवरूनच करायचा. कार्डावर 40 टक्क्यांखाली पांढरी पट्टी, 40 ते 79 ला पिवळी, 80 आणि वर निळी. चंदगडच्या टोकाकडून तपासणीसाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात यायचं तर एका बाजूचंच अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. एवढं करून टक्केवारी 38 आली की अनुदानाचा विषयच संपला.

शिवाय उत्पन्नाचा दाखला. निराधार योजनेत कुटुंबाची वार्षिक मर्यादा 21,000 रुपये, दिव्यांगांसाठी ती 50,000 केली आहे. म्हणजे महिना चार हजारांच्या आसपास. गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत घरातला एक जण हेल्पर म्हणून लागला, तरी ती ओलांडली जाते. गंमत अशी, की त्याच फौंड्रीतल्या कामगाराला ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) संरक्षण मिळण्यासाठी 2017 पासून वेतनमर्यादा आहे 21,000 रुपयेच, पण महिन्याला. कामावर हात गमावला तर त्याला वेतनाच्या प्रमाणात लाभ मिळतो, कारण तो विमा आहे, त्यासाठी वर्गणी कापलेली असते. जन्मतःच हात नसलेल्या त्याच्या भावाला आधी घर पुरेसं गरीब आहे, हे तलाठ्याकडून लिहून आणावं लागतं. 2025 मध्ये रक्कम वाढली, ही 50,000 ची रेषा मात्र हलली नाही. ती हलवायला कायदा बदलावा लागत नाही, शासन निर्णय पुरतो.